तेरड्याचा रंग आणि आपली सहल

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण सर्वांनी ‘वाक्यात उपयोग करा’पुरती पाठ केली. तेरडा मात्र कितीजणांनी पाहिला आहे? आमच्या घाटकोपरच्या बाजारात भाद्रपदात त्याच्या जुड्या येतात. आई त्या मुळांसकट घेते, कारण मुळ्या म्हणजे गौरीची पावले.

येत्या सप्टेंबरात कास पठारावर सहल न्यावी अशी सूचना फलकावर लागली आणि नावे द्यायला झुंबड उडाली. मित्रहो, मला त्या झुंबडीविषयी बोलायचे आहे.

कासच्या सड्यावर गुलाबी गालिचा पसरतो तो बाजारातल्या तेरड्याचा नव्हे, त्याच्या ठेंगण्या भावंडाचा. शास्त्रीय नाव इम्पेशन्स लॉई; मुंबई इलाख्यातले सनदी नोकर जॉन सदरलँड लॉ यांच्यावरून पडलेले. (गुरे राखता राखता पिढ्यान्‌पिढ्या हे फूल पाहणाऱ्या माझ्या आजोळच्या माणसांचे नाव कोण कशाला देतो!) सह्याद्रीबाहेर ते जगात कुठे उगवत नाही. जांभ्या दगडावर बोटभर माती आणि पावसाचे चार महिने, एवढाच त्याचा संसार. बोंड पिकून तडकले, बी मातीत पडले, तरच पुढच्या वर्षी रोप. बी धरण्याआधी फोटोसाठी त्यात बसकण मारणारा नुसते फूल चुरडत नाही, त्याचे पुढचे वर्षही चुरडतो.

२०१२ साली पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांत कासचे नाव जागतिक वारसा म्हणून लागले. गर्दी आली, तिच्यामागे कुंपण आले, गुरांना बंदी झाली. गावकऱ्यांचे म्हणणे असे, की चराई थांबल्यावर गवत माजले आणि बुटकी फुले त्याखाली दबली. आपल्याकडे हे ऐकून हसणारे पुष्कळ आहेत. शेळ्यामेंढ्यांमागे फिरणाऱ्याला वनस्पतिशास्त्र काय कळणार? मला ते पटते. उंच गवताच्या सावलीत वीतभर रोपाला ऊन कुठून मिळणार? चराईने नासही होतो हे खरे, पण किती गुरे आणि कोणत्या महिन्यात, हे त्यांना विचारल्याशिवाय कळायचे नाही.

म्हणून माझी सूचना अशी: पन्नासऐवजी वीसजण न्यावेत, रविवार टाळावा, पायवाट सोडू नये आणि माहिती सांगायला कास किंवा एकीव गावचा माणूस घ्यावा, त्याला योग्य मानधन देऊन. हे मान्य असेल तर माझेही नाव लिहावे. वर्गणी मात्र दोन हप्त्यांत घ्यावी; माझ्यासारखे आणखीही असतील.