काळ्या मातीची घाई

काळ्या मातीला घाई चालत नाही, हे आमच्या मुकुटबनच्या शिवारात कोणालाही विचारा. पावसात ती फुगून पायाला चिकटते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मधे वाफसा येतो, तेवढ्यातच काय ती पेरणी साधायची. कसोटी सामन्याची खेळपट्टी हाही बावीस यार्डांचा काळजीने राखलेला वाफाच. पाणी किती दिले, रोलर केव्हा फिरवला आणि ऊन किती लागले, यावर फिरकी गोलंदाजाचे नशीब ठरते.

तांबडी माती लवकर सुकते, चेंडूला उसळी देते. मुंबईत वानखेडेवर ती आहे. काळी माती ओल धरून ठेवते आणि घट्ट बसते. तिच्यावर चेंडू संथ येतो, खाली राहतो. हिवाळ्यात सकाळच्या गारव्यात पट्टीत ओल असते, तेव्हा वेगवान गोलंदाजाची चंगळ. ऊन चढले की वरचा थर सुटतो, चेंडूची शिवण त्यात अडकते आणि चेंडू वळतो. चौथ्या-पाचव्या दिवशी बुटांनी उकरलेले खळगे मदतीला येतात. हवेत दमटपणा वा दव असेल, तर ओला चेंडू बोटांतून निसटतो आणि फिरकीवाला हात पुसत बसतो.

हे सगळे आपल्या वेळेने घडावे, एवढेच माझे म्हणणे आहे. यजमानाने आपल्या सोयीची पट्टी करावी, यात गैर काही नाही. इंग्रजही गवत ठेवतातच. पण पाचव्या दिवसाची पट्टी पहिल्याच सकाळी हवी, हा हट्ट कशासाठी?

नोव्हेंबर २०१५ मध्ये आमच्या नागपूरला, जामठ्याच्या मैदानावर, दक्षिण आफ्रिका ७९ धावांत गुंडाळली गेली. अश्विनने सामन्यात बारा बळी घेतले आणि तीन दिवसांत खेळ आटोपला. आयसीसीने पट्टीला ‘निकृष्ट’ ठरवले. आपण जिंकलो, म्हणून फारसे कोणी बोलले नाही. चौथ्या दिवशी, पोराबाळांना घेऊन सामन्याला जायचे ठरवलेल्यांचे काय झाले, हे तर कोणी विचारलेच नाही.

मग फेब्रुवारी २०१७ मध्ये पुणे. चेंडू पहिल्या दिवसापासून हातभर वळत होता आणि आपला संघ १०५ व १०७ धावांत बाद झाला. स्टीव्ह ओकीफ या ऑस्ट्रेलियन डावखुऱ्याने दोन्ही डावांत ३५ धावांत सहा-सहा बळी घेतले. २०२४ मध्ये पुन्हा पुण्यातच न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने तेरा बळी घेतले. त्याआधी कसोटीच्या एका डावात पाच बळीही त्याला कधी मिळाले नव्हते. बारा वर्षांनी आपण मायदेशी मालिका गमावली. गंमत अशी की पट्टीच सगळे काम करू लागली, की अश्विन-जडेजा आणि पाहुण्यांचा फिरकीवाला यांच्यातले अंतर मिटते. फलंदाजाला चकवण्याची वर्षानुवर्षांची विद्या तिथे वायाच जाते.

ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. पळवणकर बाळू पुण्याच्या मैदानावर माळीकाम करत, पट्टी लोळवत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पट्ट्या तेव्हा पावसात उघड्याच असत. पट्टी हाताखालून गेलेल्या माणसाला ओल आणि ऊन कोणी शिकवायला नको. आणि पट्टी काहीच देत नसेल, तेव्हा काय करावे, हे नाशिकच्या बापू नाडकर्णींनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला दाखवले: ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा. बळी एकही नाही! आजच्या हिशेबात ही कामगिरी बसायची नाही. मला मात्र ती डावात पाच बळींच्या तोडीची वाटते.

जामठ्याची मातीच तशी, असेही म्हणता येत नाही. तिथेच फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये रणजीचा अंतिम सामना पूर्ण पाच दिवस चालला. विदर्भाने केरळवर पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी घेतली आणि त्या जोरावर करंडक जिंकला. त्या मोसमात विदर्भाच्या हर्ष दुबेने डावखुऱ्या फिरकीवर ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. हे पोर उद्या कसोटीत उतरेल, तेव्हा त्याला चौथा दिवस पाहायला मिळावा.