अरुंद रस्ता, रुंद मन

गावाकडच्या शांत रस्त्याने दोन सायकलस्वार शेजारी शेजारी चालले आहेत आणि मागे मोटार अडकली आहे, हे दृश्य ब्रिटनमध्ये नेहमीच्या वादाचा विषय आहे. सायकलवाले रस्ता अडवितात, ही मोटारचालकांची तक्रार. तर कडेला सरकलो की मोटारी अंगाला घासून जातात, हे सायकलस्वारांचे म्हणणे. २९ जानेवारी २०२२ रोजी तेथील ‘हायवे कोड’ या वाहतूक नियमावलीत बदल झाले आणि या वादाला नव्याने तोंड फुटले.

ज्याच्या हातून अधिक इजा होऊ शकते, त्याची जबाबदारी अधिक, हे या बदलांचे सूत्र. ताशी ३० मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरच्या वेगाने सायकलस्वाराला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडावे. वेग त्याहून जास्त असल्यास अंतरही वाढवावे, असे ही नियमावली सांगते. शांत रस्त्यावर सायकलस्वाराने मार्गिकेच्या मध्यातून जावे, हेही तीत आहे. मात्र मागून वेगवान वाहन आल्यास, सुरक्षितपणे जमेल तेव्हा डावीकडे सरकून त्याला वाट द्यावी, असेही तेथेच म्हटले आहे. मोटारचालकांना या नियमाच्या पूर्वार्धाचा विसर पडतो, तर काही सायकलस्वारांना उत्तरार्धाचा.

खरी अडचण रस्त्याच्या रुंदीची आहे. दोन्ही बाजूंना झुडपांचे उंच कुंपण असलेला तीन मीटरचा रस्ता घ्या. मोटारीची रुंदी सुमारे पावणेदोन मीटर, सायकलस्वाराची पाऊण मीटर आणि मध्ये दीड मीटर अंतर. ही बेरीज चार मीटरवर जाते. अशा रस्त्यावर नियम पाळून ओलांडणे शक्यच नाही. कोणाला तरी थांबावेच लागते. मध्यातून जाणारा सायकलस्वार ‘येथे जागा नाही’ एवढेच मागच्याला सांगत असतो. पुढे बगल देण्याची जागा आली, की त्याने बाजूला व्हावे आणि तोवर मोटारचालकाने धीर धरावा, हाच त्यावरचा मार्ग. चारशे मीटर सायकलमागे ताशी २० किलोमीटर वेगाने जावे लागले, तर ताशी ५० किलोमीटरने जाऊ पाहणाऱ्याची जेमतेम पाऊण मिनिटाची खोटी होते.

या पाऊण मिनिटाचे मोल मोठे आहे. शांत दिसणारे हे रस्ते सुरक्षित असतातच असे नाही. अनेक ग्रामीण रस्त्यांवर तेथे ताशी ६० मैलांची वेगमर्यादा आहे. २०१५ ते २०२० या काळात ब्रिटनमध्ये झालेल्या सायकलस्वारांच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक ग्रामीण रस्त्यांवरचे होते.

नियमावलीतील ‘असे करावे’ या स्वरूपाच्या सूचना मोडणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही. न्यायालयात त्यांचा आधार मात्र घेता येतो. शिवाय वळणावळणाच्या गल्लीवजा रस्त्यावर पोलीस उभा नसतो. तेथे उरतो तो परस्परांचा विचार. वाट दिल्यावर वर झालेला एक हात जे साधतो, ते कर्कश हॉर्नला साधत नाही.

सुटीच्या दिवशी पुण्या-मुंबईचे सायकलस्वारही आता गावांकडच्या रस्त्यांवर दिसतात. सायकलने शाळेला जाणारी मुले तर तेथे पूर्वीपासूनच आहेत. दीड मीटर अंतर नियमाने आखून देता येते. पाऊण मिनिट थांबणे मात्र ज्याचे त्यालाच जमवावे लागते.