जुनी डिझेल गाडी घेताना
अम्मींना दर महिन्याला चिपळूणहून कराडच्या दवाखान्यात न्यायचे, म्हणून आम्ही 2,40,000 किलोमीटर चाललेली जुनी इनोव्हा पाहिली. अब्बांनी मालकाला आधीच बजावले, "आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका." थंड इंजिनच खरे बोलते. सुरू करताच निळा धूर आला तर ऑइल जळते आहे असे समजावे. चालू इंजिनावर ऑइलचे झाकण सैल करून पाहावे. आतून जोराची वाफ उसळली, तर रिंगा झिजल्या. इथे तसे काही नव्हते. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती मात्र नव्हती, तेवढे पैसे आम्ही किमतीतून कापून घेतले.

पहिल्याच फेरीत कुंभार्ली घाटात गाडीने दम टाकला. जो तो म्हणे, चिप बसवा! आमच्या मिस्त्रींनी चिपेचे नावही काढले नाही. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलले, ईजीआर व्हॉल्व्हमधली काजळी खरवडली, टर्बोचा चिरलेला रबरी पाइप नवा टाकला. गाडीचा श्वासच कोंडला होता! पुढच्या महिन्यात अम्मी घाटात चक्क झोपल्या.

एक गोष्ट पाहायची राहिलीच. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. आमच्या आरसीवर जेमतेम एक वर्ष उरले होते.