फिरोजी की हिरवा?

शाबान लागला की मोहल्ल्यात रंगाच्या बादल्या आणि शिड्या दिसू लागतात. ईदच्या आधी भिंती उजळून घ्यायच्या, ही आपली जुनी रीत. यंदा शाळेत येणाऱ्या दोन-तीन पालक भगिनींनी एकच गोष्ट विचारली : हॉलला निळा-हिरवा हवा, पण डोळ्यांवर येणारा नको, काय सांगायचं दुकानदाराला?

पहिला घोळ नावाचा. उर्दूच्या तासाला 'फिरोजी' शब्द आला की निम्मी मुलं निळ्याकडे बोट दाखवतात, निम्मी हिरव्याकडे. दोघांचंही बरोबर. इराणातल्या निशापूरचा फिरोजा मशहूर; या खड्याला तांब्यामुळे निळाई येते आणि लोह जास्त असलं की तो हिरवट होतो. मराठीत चिंतामणी आहे, मोरपंखी आहे, कबुतराच्या पिसांचा राखाडी निळसर पारवा आहे. तुम्हाला हवा तो रंग चिंतामणी आणि पारवा यांच्या मधला. साडीच्या दुकानात हे एका वाक्यात कळतं. रंगाच्या दुकानात मात्र शेडकार्डच उघडावं लागतं.

आणि एक ऐकून घ्या. दारावरची पाटी वाचून काही रंगारी थेट हिरव्याचं पान उघडतात. आपल्या घराला हिरवाच हवा, असं कुणी ठरवलं? बिदरला गेलात तर महमूद गावानचा 1472 चा मदरसा पाहा. रंगीत फरशांचे जे तुकडे तिथे टिकलेत त्यांत निळा आहे, पांढरा आहे, पिवळाही आहे.

फिका आणि मंद यांत फरक आहे. फिरोजीत नुसता पांढरा वाढवला तर दवाखान्याच्या भिंतीसारखा पिस्ता होतो. मंदपणा येतो थोड्या काळ्या किंवा राखाडीमुळे. म्हणून कार्डावर राखेची झाक असलेली छटा शोधा. शिवाय कार्डावरच्या बोटभर पट्टीवर रंग सौम्य वाटतो. चार भिंतींना लागला की भिंती एकमेकींवर तोच रंग टाकतात आणि तो गडद होतो. एक पायरी उजळ घ्या.

छोटा डबा आणून मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या, नीट वाळू द्या. पुठ्ठा कोपऱ्यात उभा करून सकाळी, असरनंतर आणि रात्री दिवा लावून पाहा. पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळचं पिवळं ऊन आलं की हाच रंग हिरवा भासतो, उत्तरेच्या उजेडात निळा. दिव्याचंही तसंच : 2700 ते 3000 केल्विनचा पिवळट बल्ब हिरवी बाजू काढतो, 6500 चा पांढरा निळी. बल्ब बदलायचे असतील तर रंग ठरवण्याआधी बदला.

घरात दादी-नानी असतील तर त्यांना पुठ्ठा आधी दाखवा. मोतीबिंदूमुळे डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, निळं आणि हिरवं वेगळं करणं अवघड जातं, निळं मळकट दिसतं. तहज्जुदला उठून भिंत चाचपत वजूला जाणाऱ्या बाईला भिंत, दाराची चौकट आणि स्विचबोर्ड एकाच छटेचे असले तर दार सापडत नाही. भिंत मंद ठेवा, चौकट स्वच्छ पांढरी. एवढ्याने रात्रीचं पडणं टळू शकतं, आणि त्या वयात कमरेचं हाड मोडणं म्हणजे काय हे मला सांगायला नको.

लहान मुलं असतील तर जुन्या दारं-खिडक्यांच्या ऑइलपेंटकडे लक्ष द्या. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा 90 पीपीएम झाली ती नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि ते मुलांच्या मेंदूला अपाय करतं. कोरडं घासू देऊ नका. पाणी मारून घासायला सांगा. त्या दिवसांत मुलं आणि गरोदर सून मामूकडे किंवा खालाकडे पाठवा. धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

ओल असलेल्या भिंतीवर कोणताच रंग टिकत नाही. आधी गळती काढा, पैसे तिथे घाला. रंग साधा घेतला तरी चालेल. नव्या प्लास्टरला निदान 28 दिवस द्या.

काम झालं की छटेचा नंबर कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा आणि पाव डबा रंग राखून ठेवा. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याचा एखादा हात भिंतीला लागणारच.