तांब्यावरचं गाव

लहानपणी दादीच्या पेटीत तांब्याचं एक जाड, काळपट नाणं होतं. मी ते चिंच लावून घासलं. लखलखीत झालं, पण आधीच झिजलेली फारसी अक्षरं पार पुसली गेली. नाणं कुठल्या गावात पाडलं, हे सांगणारा शब्दही त्यात गेला. आज त्याची हळहळ वाटते.

आपल्याकडे मध्ययुगाचा विषय निघाला की बादशहा आणि लढाया यांपलीकडे कुणी जात नाही. आम्ही मुसलमानही त्याच चक्रात. कुणी बादशहांचा अभिमान मिरवतो, कुणी त्यांच्या वतीनं खुलासे देत बसतो. बाजारातला माणूस दोघांनाही दिसत नाही. तो तांब्यात दिसतो.

सातव्या शतकाच्या अखेरीस खलिफा अब्दुल मलिकनं सोन्याचे दीनार आणि चांदीचे दिरहम एका साच्यात आणले. तांब्याचे फुलूस मात्र बरेचसे प्रांतांवर सोडले. म्हणून काही फुलूसांवर स्थानिक अंमलदाराचं नाव सापडतं.

अकबराच्या काळातही असंच चित्र दिसतं. ‘आईन-ए-अकबरी’नुसार सोन्याची नाणी ४ ठिकाणी पडत, चांदीची १४ ठिकाणी, आणखी २८ गावांत फक्त तांब्याची. रुपयाला ४० दाम, आणि एक दाम सुमारे २० ग्रॅमचा. म्हणजे रुपयाभर तांबं पाऊण किलोच्या वर! असं ओझं दूरवर कोण वाहणार? ते बाजाराजवळच पाडावं लागे. आमच्या विदर्भात औरंगजेबाच्या नावाची तांब्याची नाणी एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात पडत. नाव दिल्लीच्या बादशहाचं, पण वजन राखणं, खोटं नाणं पकडणं, भाजीवाल्याला सुटे पुरवणं हे काम गावातच होणार.

कारभार न्यायी होता, हे नाण्यावरून सिद्ध होत नाही. पण कारभार होता आणि तो गावापर्यंत पोचला होता, एवढं नक्की कळतं. राजाच्या स्तुतीपेक्षा किंवा निंदेपेक्षा मला ही साक्ष मोलाची वाटते.

नागपुरात आजही जुनं तांबं भंगारात किलोवर जातं. चांदी तिजोरीत राहते, तांबं भट्टीत वितळतं. शेतात पुरलेली नाणी सापडली तर १८७८च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. घरातलं जुनं नाणं असेल तर एवढंच करा: घासू नका, आणि कुठल्या गावातून आलं ते कागदावर लिहून सोबत ठेवा.

माझ्या नाण्याचं गाव मीच पुसलं. तुमच्याकडचं तरी राहू द्या.