गॅस संपत नाही, गळतो

संपादक महोदय,

गाडीच्या एसीचा गॅस घरीच भरावा, असे सुचवणारा आपला लेख वाचला. वीस वर्षे हेच काम करतो आहे, म्हणून लिहिणे भाग आहे.

दरवर्षी गॅस 'संपतो', असे लेखक म्हणतात. ही बंद यंत्रणा आहे. एका उन्हाळ्यात थंडावा गेला, तर बहुधा कंडेन्सर, कूलिंग कॉइल किंवा एखादी ओ-रिंग गळते आहे. गळती न शोधता गॅसचा डबा त्यात रिता करणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे.

व्हॅक्यूम पंप त्यांनी ऐच्छिक ठरवला, हे सर्वांत घातक. कंप्रेसर बदलताना पाइप उघडले की हवा आणि ओल आत शिरते. पुरेसा व्हॅक्यूम केला की ते पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून बाहेर पडते. तसे न केल्यास ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठते, आम्ल तयार होऊन नवा कंप्रेसरही खाते. ड्रायर बदलायचा तो याचसाठी. कंप्रेसरच्या ऑइलचा तर लेखात शब्दही नाही!

गॅस किती, हे बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेले असते. तो वजनावर भरायचा, नुसत्या गेजवर नाही. आर-१३४ए हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यांत उडाला तर इजा होते. हवेत सोडला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ करतो.

केबिन फिल्टर घरी जरूर बदला. बाकीच्या सल्ल्याची दुरुस्ती पुढील अंकात छापावी.

— एक एसी मेकॅनिक, सांगली