केमिस्ट्रीची उत्तरं जुळत नाहीत? आधी सत्र विचारा

एमएचटी-सीईटी देऊन महाड-पोलादपूरकडे निघालेल्या एसटीत पहिला प्रश्न ठरलेला, 'केमिस्ट्रीत किती बरोबर?' पण प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. त्यामुळे सकाळी परीक्षा दिलेल्या मित्राचे ५० पैकी ४० आणि दुपारच्या सत्रातले तुमचे ३५ यांची थेट तुलना होत नाही. पर्सेंटाइल आपापल्या सत्रातल्या कामगिरीवरून निघतं. निगेटिव्ह मार्किंगही नाही. खरी पडताळणी सीईटी सेलची उत्तरतालिका आल्यावरच. तिच्यावर हरकत घेता येते, मात्र २०२५ मध्ये एका हरकतीला १,००० रुपये लागत होते. पोलादपूरच्या शेतकरी घराला ही रक्कम छोटी नाही. चूक तालिकेचीच निघाली, तर पैसे विद्यार्थ्याला परत मिळायलाच हवेत.